गौराबाईच्या दाराची डावी फळी

१

होळीच्या दिवशी सकाळी गौराबाई खोपोलीहून, लेकीकडून परत आली. रिक्षातून उतरली, अंगण ओलांडलं, कनवटीची किल्ली काढली आणि पायरीवरच थबकली. कुलूप जागच्या जागी होतं. कडी होती. दाराची उजवी फळीही जिथल्या तिथं होती. डावी फळी मात्र नव्हती.

आता नेरळजवळच्या पोशीरच्या आसपास कुणी म्हणेल, शिमग्यात दार गेलं, त्यात एवढं काय? इकडे होळीसाठी लाकूड पळवायची रीतच आहे. कुणाच्या कुडाचा वासा जातो, कुणाची मोडकी बाज जाते. एका वर्षी तर सरपंचांची शिडी गेली, आणि होळीला नारळ वाहताना ती जळताना बघायची वेळ त्यांच्यावर आली. बोलतात काय बिचारे! एकदा ढिगावर चढलेली वस्तू परत मागायची नसते.

पण हे प्रकरण तसलं नव्हतं. वाडीची पोलीस पाटील सुप्रिया शिजतं पुरण सासूच्या हवाली करून धावत आली, आणि दारासमोर येताच तिच्या कपाळाला आठी पडली. जिथून फळी गेली होती तिथं कोऱ्या प्लायचा तुकडा बसवलेला होता, तोही असा चपखल की मांजर शिरायचं नाही. चौकटीवर लाल पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा होत्या. आत तांब्याचा हंडा, ट्रंक, देव, सगळं सुखरूप होतं.

"चोर आला, दार घेऊन गेला आणि जाताना घर बंद करून गेला," सुप्रिया म्हणाली. "असला गुणाचा चोर मी तरी आजच बघतेय."

गौराबाई हसली नाही. ती प्लायवर हात ठेवून उभी होती. "माज्या मान्सानं बसवल्यालं दार हाय गं ते," ती म्हणाली. "दिवाळीत मानूस गेला. आता दारबी गेलं."

सुप्रिया काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "बेबंदशाही! नुसती बेबंदशाही माजलीय या गावात!"

२

हा ऋतिक, गौराबाईचा पुतण्या. खोपोलीला कारखान्यात सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात घडी घातलेला कागद. तक्रार त्यानं लिहूनही आणली होती, आणि तिच्यात नाव होतं आरोहीचं.

"काल दुपारी ती याच अंगणात होती. मी डोळ्यांनी बघितली," तो म्हणाला. "यंदा होळीच्या टोळीची म्होरकी तीच आहे. शिमगा आला की यांना वाटतं कायदा सुट्टीवर गेला. मी आजच नेरळला जाऊन तक्रार देणार."

आरोही पोलीस भरतीत पास झाली होती. धावणं झालं, गोळाफेक झाली, लेखी झाली, आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. या दिवसांत चोरीच्या तक्रारीत तिचं नाव लागलं असतं तर त्या पोरीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. आणि तिच्या मागे लागून भरतीचा फॉर्म भरायला लावला होता तो सुप्रियानंच.

"ऋतिक," ती शांतपणे म्हणाली, "बेबंदशाही म्हणजे काय रं?"

"म्हणजे काय म्हणजे? ज्याला जे वाटेल ते तो करतो. कुणाला कसला नियम नाही, कुणाचा धाक नाही."

"बरं. मला दिवेलागणीपर्यंत वेळ दे. होळी पेटायच्या आत फळी नाही सापडली, तर मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्यात येते."

"दिला वेळ," तो म्हणाला. मग काकीकडे वळला. "काकी, तू मात्र आता माझ्याकडे चल. दार नसलेल्या घरात एकटी राहणार काय? कितीदा सांगितलं, हे घर मोडून टाकू."

हे ऐकलं आणि सुप्रियानं मान वर केली. गौराबाई घराबाहेर पडली तर घराखालची जागा कुणाला मिळणार होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

३

होळीच्या माळावर लाकडांचा ढीग पुरुषभर उंच झाला होता. आरोही वर चढून पेंढा खोचत होती. सुप्रियानं हाक मारली तशी ती खाली उतरली. तिचे डोळे लाल झाले होते. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती तर.

"ताई, गौराआजीच्या तुळशीला पानी घालायला गेलते मी. आजीनंच सांगितलं व्हतं. दुपारी दोनी फळ्या व्हत्या. आईच्यान!"

"आणि रात्री टोळी घेऊन गेली असशील."

आरोही एकदम ताठ झाली. "त्या घरात? ताई, तुमी असं बोलता? नामाआजोबा दिवाळीत गेले. त्या घराचा यंदा सन नाय. ज्या घराचा सन नसतो त्या दारातनं होळीला काटकीबी उचलायची नाय. आमी लाकडं चोरतो, पन आमच्यात बी नियम हायेत. आवताचं लाकूड घ्यायचं नाय, रांडव बाईचा दारवठा मोडायचा नाय. बारक्या पोरांना बी म्हाईत हाय हे."

बरोबर होतं तिचं. सुप्रियाला स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी ती स्वतः या टोळीत होती, आणि सण नसलेल्या घरावरून जाताना सगळी पोरं आपोआप आवाज खाली करायची, हे तिला आठवलं. वर्षभर कायदा सांगणाऱ्यांना जे जमत नाही ते या चोरट्यांना न सांगता जमत होतं.

ढिगाच्या सावलीत धाकलू बसला होता. वय झालेलं, दात गेलेले, पण तोंड अखंड चालू. ढिगाची राखण दरवर्षी तोच करायचा, कारण शेजारची वाडी आपल्या ढिगातलं लाकूड पळवते असा त्याचा ठाम समज होता.

"ह्यात फळी नाय, पाटलीनबाय. एकूनएक लाकूड माज्या नजरंखालून ग्येलंय. कालची संद्याकाळ म्हंजे सगळं गाव हितं माळावं व्हतं. चौक गावचा वखारवाला अबूबकर आल्ता लाकडं घेऊन, दरसाल येतो तसा. त्याचा पोरगा नदीम व्हता गाडीवं. टेंपो रिता केला, च्या पन घेतला नाय. रोजा हाय म्हनला. ताडपत्री बांदली न ओढ्याच्या वाटंनं ग्येला. ग्वाड मानूस! हितं आपली सख्खी मान्सं येक वासा देत नायत..."

"धाकलूआबा, बेबंदशाही म्हणजे काय हो?"

धाकलूनं विचार केला. "राखनदाराला जेवायला कुनी बोलवंना, ती बेबंदशाही," तो म्हणाला.

सुप्रिया हसली. "पुरणपोळी पाठवते," म्हणाली आणि स्कूटरकडे वळली. अर्ध्या वाटेत मात्र तिच्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. धाकलूच्या बोलण्यात एक गोष्ट जुळत नव्हती, आणि ती कोणती हे काही केल्या ध्यानात येईना.

४

तिसरा संशयित स्वतःहून भेटायला आला. साईराज जुनी लाकडी दारं, खांब, झोपाळे विकत घ्यायचा आणि कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांना विकायचा. गेल्या महिन्यात त्यानं गौराबाईच्या दाराचे फोटो काढले होते, हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. त्यामुळे बिचारा घामाघूम होऊन आला.

"मॅडम, माझं नाव कुणी घ्यायच्या आत मीच आलो. दार मला पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू? सागवान आहे, जुनं काम आहे. पण जोडी पाहिजे हो! एका फळीला कोण विचारतो? आणि न्यायचीच असती तर मी उजवी नेली असती. डावी फळी म्हणजे फॉल्टी माल."

"फॉल्टी कशी?"

"हे बघा." त्यानं मोबाइलवर फोटो मोठा केला. डाव्या फळीच्या वरच्या अंगाला, मधोमध, अंगठ्याएवढं आरपार भोक होतं. "कुणीतरी पहारीनं पाडल्यासारखं. आणि फळी जिच्यावर फिरते ती खालची खुंटी झिजलेली. ती फळी नुसती वर उचलली की हातात येते. आजी रोज दाराला खांदा लावून उचलते, तेव्हा कुठे ते उघडतं."

सुप्रिया फोटोकडे बघत राहिली. कुलूप न मोडता फळी कशी निघाली, ते आता कळलं. ती परत गौराबाईच्या ओटीवर गेली. ऋतिक तिथंच होता. काकीसाठी बाहेरून चहा आणून, पेला हातात धरून बसला होता. काकी काही चहा घेत नव्हती.

"गौराकाकी, त्या फळीला भोक कशानं पडलं?"

गौराबाईनं पदर सावरला. "पुराच्या साली. दोन हजार पाचचा तो पूर. ओढा अंगनात आल्ता. रस्त्यावं येक टेंपो अडाकला, आत मानूस, बायको न तान्ही पोर. आमच्या ह्यांनी काय केलं, दाराची फळी काडली, पहारीनं भोक पाडलं, त्यात दोर ववला, न फळी सोडली पान्यावं. पोरीला न बाईला फळीवं बसवून वडून आनलं. तीन रोज व्हती ती आमच्यात. मंग फळी परत बसवली ह्यांनी, पन ती काय नीट बसली नाय. मी म्हनलं सुतार बोलवा. हे म्हनायचे, राहू दे गं, खांदा लावला की उगडतं."

"काकी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ऋतिक म्हणाला.

"तू कदी इचारलंस?"

ऋतिकनं पेला खाली ठेवला.

सुप्रियाच्या डोक्यात मघापासून टोचत होतं ते तेव्हा एकदम उमगलं. ती ताडकन उठली.

"ऋतिक, तो कागद खिशातच ठेव. मी येते."

"नेरळला चाललात?"

"नाही," सुप्रियानं स्कूटर सुरू केली. "चौकला."

५

चौकच्या वखारीत रंध्याचं मशीन घरघरत होतं. निघताना तिनं केलेले फोन कुणी का उचलले नव्हते, ते आता कळलं. भुसा उडत होता, आणि मधल्या टेबलावर गौराबाईच्या दाराची डावी फळी आडवी पडली होती. तिच्यावर वाकून पांढऱ्या दाढीचा अबूबकर पॉलिश पेपर घासत होता. त्याच्या कानामागे लाल पेन्सिल होती.

त्यानं मान वर केली आणि मशीन बंद केलं. "सुप्रियाताई! तुमी? वयनीला सांगू नका हां अजून. धुळवड झाल्यावर येणार ना ती? तोवर बसवून टाकतो."

"वहिनी सकाळीच आली, अबूबकरचाचा. लेकीकडे जीव रमला नाही तिचा. आणि गावात चोर शोधणं चाललंय. आळ आलाय भरतीत पास झालेल्या आरोहीवर."

अबूबकरनं हातातला पेपर बाजूला ठेवला. "या अल्ला," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. "पण होळीआधी नेलेल्या लाकडाची कोणी चौकशी करत नाय ना? वीस वर्षं बघतोय मी. कसं कळलं तुमाला?"

"तुमच्या ताडपत्रीनं," सुप्रिया म्हणाली. "रिता टेंपो कुणी ताडपत्री बांधून नेतं का? पुढे ओढ्याकाठी, काकीच्या घरी, काहीतरी उचलून झाकायचं होतं. आणि चोर कसा, तर दोन फळ्यांतली मोडकी तेवढी नेणारा. विकणाऱ्यानं चांगली नेली असती. होळीवाल्यांनी दोन्ही नेल्या असत्या. म्हातारीला घराबाहेर काढू बघणाऱ्यानं प्लाय लावून घर बंद केलं नसतं. मोडकी वस्तू उचलून माप घेतो तो दुरुस्त करणारा. आणि सण नसलेल्या घरातून होळीला काही न्यायचं नसतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे चोराला आमची रीत माहीत होती, पण अर्धीच. दरवर्षी होळीला लाकूड देणारा, पण कधी चोरायला न गेलेला माणूस. मग काकीनं पुरातल्या टेंपोची गोष्ट सांगितली, आणि तो टेंपो तुमचाच असणार हे कळलं."

अबूबकरनं फळीवर हात ठेवला. "नामादादाला मी दरवर्षी सांगायचो, दार द्या, नीट करून आणतो. तो हसायचा. म्हणायचा, अबू, एवढ्याशा कामाचं काय घेऊन बसलास. तो गेल्यावर वयनीला विचारलं, तर म्हणाली, त्यांनी बसवलंय, हलवायचं नाय. आणि ती रोज खांदा लावते, या वयात! मला बघवत नव्हतं, ताई. वाटलं, शिमग्यात चोरी माफ असते. चोरून नेतो, नीट करून ठेवतो. आल्यावर बोलेल मला चार शब्द, मी ऐकून घेईन."

आतून त्याची बायको रजिया आली, तिच्यामागे नाझिया. कॉलेजात शिकणारी उंच, हसरी पोरगी. रजियानं सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे रागानं बघितलं. "मी म्हणाले होते ना, सांगून न्या! आता त्या आरोही पोरीचं काही वाईट झालं असतं तर?"

"चला," सुप्रिया म्हणाली. "अजून उजेड आहे. टेंपो काढा. आणि या वेळी ताडपत्री नको."

६

टेंपो वाडीत शिरला तेव्हा सगळं गाव ओटीपुढे जमलं. उघड्या टेंपोत डावी फळी उभी होती, आणि ती पडू नये म्हणून नाझिया तिला दोन्ही हातांनी धरून उभी होती. आरोहीनं ते बघितलं आणि पायरीवरच बसली. "सापडली," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि मग ती हमसून हमसून रडायला लागली. धाकलूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही न बोलता. त्याच्या बाबतीत हे नवलच होतं.

अबूबकर खाली मान घालून गौराबाईसमोर उभा राहिला. "वयनी, मीच नेली. माज्यामुळं तुमाला त्रास झाला. या पोरीला झाला. काय शिक्षा द्यायची ती द्या."

गौराबाईची नजर फळीवर होती. "भोक बुजवलंस?" तिनं विचारलं.

"नाय, वयनी. खालची खुंटी नवी घातली, कुजलेलं तेवढं काढलं. भोकाला हात नाय लावला. ते कसं बुजवू?"

फळी बसवताना पलीकडून जोर लावायला कुणीतरी हवं होतं. ऋतिक उठला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि अबूबकरच्या जोडीनं फळी उचलली. ती खाचेत उतरली तेव्हा कुरकुर नाही की काही नाही. ऋतिक हात झटकत सुप्रियाकडे वळला. खिशातला कागद त्यानं अजून बाहेर काढला नव्हता.

"पण सुप्रियाताई, खरं सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. "न विचारता दुसऱ्याचं दार काढून न्यायचं. हिला बेबंदशाही नाही तर काय म्हणायचं?"

"तुझ्या मते ज्याला कसला नियम नाही ती बेबंदशाही," सुप्रिया म्हणाली. "आता या माणसाकडे बघ. वीस वर्षं तो एका दाराशी बांधलेला आहे. आणि आपल्या रीतीचा दुसरा अर्धा भाग तुला आठवतो का? ज्या घराचा सण नाही, तिथून काही न्यायचं नाही. आणि?"

ऋतिकनं ओठ चावला. "आणि तिथं आपण नेऊन द्यायचं. गोडाचं पान पाठवायचं."

"अबूबकरचाचांना पहिला अर्धा कुणी सांगितलाच नव्हता, तो त्यांनी मोडला. दुसराही कुणी सांगितला नव्हता, तो त्यांनी पाळला. तुला-मला दोन्ही पाठ होते. सकाळपासून या घरी कुणाचं पान आलं? माझ्याही घरून नाही आलं. मी चोर शोधत हिंडत होते. बेबंदशाही शोधायची तर ती इथं बघ."

जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकेक जण उठली आणि घराकडे वळली. ऋतिकनं कागद काढला, चार तुकडे केले आणि आरोहीपाशी जाऊन उभा राहिला. "चुकलो गं," तो म्हणाला. "तुझ्या पडताळणीला गावातून कुणी साक्ष द्यायची असेल तर मी येईन."

"या की," आरोही नाक पुसत म्हणाली. "पन आदी ढिगाला येक वासा द्या. घरचा. चोरून घ्यायला लावू नका."

सगळे हसले. दिवस मावळत होता. नाझियानं टेंपोतून उतरून गौराबाईच्या पायाला हात लावला. गौराबाईनं तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं, वर बघितलं, कारण पोरगी तिच्याहून हातभर उंच झाली होती.

"त्या फळीवं मावली व्हतीस गं तू," ती म्हणाली. "आता नाय मावायची."

मग तिला एकदम आठवलं. "अबू, तुजा रोजा सोडायची येळ झाली न रं? थांब, पानी आनते." ती वळली, सवयीनं डावा खांदा दाराला लावला आणि होता नव्हता तेवढा जोर केला. दार फूल उचलावं इतक्या हलक्यानं उघडलं, आणि गौराबाई तोल जाऊन थेट माजघरापर्यंत गेली.

सगळे घाबरून धावले. ती भिंतीला धरून उभी होती आणि हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती परत दारापाशी आली. फळी एका बोटानं पुढे ढकलली, मागे ओढली, परत ढकलली. मग तिनं दोराच्या भोकात बोट घातलं आणि तशीच उभी राहिली.

"बगा हो," ती आत फोटोतल्या नामाकडे बघून म्हणाली, "तुमच्या फळीवरनं आल्यालं मानूस आपली फळी परत घेऊन आलं."

माळावर होळी पेटल्याचा गलका झाला. समोरच्या घरांतून बायका पानं झाकून येत होत्या. पुरणपोळीचं पहिलं पान सुप्रियाच्या सासूचं होतं. गौराबाईनं भरलेला तांब्या अबूबकरच्या हातात दिला. तिकडून, रस्त्याच्या अंगानं, अजान ऐकू आली तसा तो तांब्या त्यानं तोंडाला लावला.

"पी," ती म्हणाली. "आन हे बग, उजवी फळी पन जरा कुरकुरते. पुढच्या शिमग्याची वाट बगू नको. उद्याच घेऊन जा."